मान वर, मान खाली : चौथीतल्या एका मुलाचं प्रकरण

शिक्षकांनी भरून दिलेल्या तक्त्यात एकच शेरा दोन ठिकाणी होता : 'सतत मान वर करून बघतो, लिहिण्यात लक्ष नसते.' मुलगा चौथीतला, वय ९ वर्षं ४ महिने. तोंडी विचारलं तर उत्तर जिभेवर, लिहायला सांगितलं की वही अर्धी कोरी. आई म्हणाली, "गोष्ट एकदा वाचून दाखवली की पंधरा दिवसांनीही सांगतो. पण पाढे? रोज घेते, रोज पुसले जातात." वडिलांच्या मते हा आळस होता, आणि ते त्यांनी मुलासमोरच सांगून टाकलं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे प्रकरण कुणा एका मुलाचं नाही. उपचारात्मक शिक्षणात वारंवार भेटणारे नमुने एकत्र गुंफून ते उभं केलं आहे, आणि खालचे गुणही नमुना स्पष्ट व्हावा म्हणून घेतलेले आहेत. वाचताना मात्र एकच मुलगा डोळ्यांसमोर ठेवा, कारण अशी मुलं आपल्यासमोर एकेकटीच येतात.

पहिला अंदाज

शिक्षकांना एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा अतिचंचलता असते त्या विकाराची, शंका होती. तक्ता वाचून मलाही तीच आली. कान आणि डोळे आधीच तपासून झाले होते, दोन्ही ठीक. शाळा बदललेली नाही, लांबलचक गैरहजेरी नाही, शिकण्याची भाषा घरचीच. पण डीएसएम-५ (२०१३) या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेप्रमाणे एडीएचडीची लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. इथे शाळेचा तक्ता भरगच्च आणि घरचा जवळजवळ रिकामा होता. 'तासभर ठोकळे जुळवत बसतो' हे आईचं वाक्य मी पुरावा म्हणून धरलं नाही. आवडीच्या कामात एडीएचडी असलेली मुलंही तासन्‌तास रमतात, आणि या एका वाक्यावर अनेक घरांत निदान परस्पर फेटाळलं जातं.

म्हणून वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले. पहिल्या तासाला बाई तोंडी शिकवत होत्या. हा मुलगा ऐकत होता, मधे दोन प्रश्न विचारले, त्यातला एक चांगलाच अडचणीचा. दुसऱ्या तासाला फळ्यावरचा मजकूर उतरवून घ्यायचा होता. नऊ शब्दांची एक ओळ मी निवडली आणि मोजायला सुरुवात केली. शेजारच्या मुलीने ती ओळ लिहिताना सहा वेळा फळ्याकडे पाहिलं. ह्याने एकोणीस वेळा.

मान वर, एक अक्षर उचललं, मान खाली, अक्षर वहीत ठेवलं. पुन्हा मान वर. जोडाक्षर आलं की तेही दोन खेपांत. मधेच ओळीतली जागा हरवायची, मग ती शोधायला नजर फळाभर फिरायची. शेऱ्यातलं 'लक्ष नसते' ते हेच. मला तर उलट वाटलं की वर्गात इतक्या चिकाटीने दुसरं कुणी काम करत नव्हतं. एकेक वीट हातात घेऊन घर बांधावं तसं त्याचं चाललं होतं. शेजारीण एका खेपेला शब्द उचलत होती, हा अक्षर.

प्रश्न बदलला. त्याच्या डोक्यातल्या पाटीवर एका वेळी इतकं कमी का मावतं? की मावतं पुरेसं, पण एक अक्षर ठेवायलाच फार जागा लागते?

वहीतल्या चुका

चाचण्यांआधी मी वही मागते. गुण चाचणीच्या दिवशीचे असतात, वही वर्षभराची असते. श्रुतलेखनाचे चाळीस शब्द घेतले, त्यातले तेवीस चुकले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी मोजल्याच नाहीत. त्या मोजायच्या तर मोठ्यांच्याही वह्या मागवाव्या लागतील.

उरलेल्या तेवीसपैकी अकरा चुका क्रमाच्या होत्या. 'कविता'चं 'किवता'. 'पर्वत'चं एकदा 'पवर्त', एकदा 'प्रवत'. 'शर्यत'चं 'शयर्त'. आठ चुकांत जोडाक्षराचं अर्धं अक्षर गळलेलं : 'पुस्तक'चं 'पुतक', 'गोष्ट'चं 'गोट'. दोन ठिकाणी अनुस्वार गेला होता. दिसायला सारख्या अक्षरांची अदलाबदल, म्हणजे 'घ'चा 'ध' वगैरे, फक्त दोनदा.

ही शेवटची संख्या महत्त्वाची. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, ही समजूत अजून घट्ट आहे. ह्या मुलाला अक्षरं नीट दिसत होती. 'किवता'मध्ये क, व, त आणि पहिली वेलांटी, सगळं हजर आहे आणि सुबक आहे. चुकलं ते फक्त कुणी कुणाच्या आधी यायचं. आणि आपल्या लिपीत नेमकी इथे एक मेख आहे. 'वि' उच्चारताना आधी व येतो, मग इ. कागदावर मात्र पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते. रफाराचं त्याहून अवघड : 'पर्वत'मधला र उच्चारात व-च्या आधी, पण लिहिताना व-च्या डोक्यावर, म्हणजे बहुतेकजण तो व काढून झाल्यावर देतात. बोलण्याचा क्रम एक, लिहिण्याचा दुसरा. बहुतेक मुलं काही महिन्यांत हे सवयीने पचवतात. ज्याच्यासाठी क्रम हीच कमकुवत जागा आहे, त्याच्यासाठी प्रत्येक वेलांटी नव्याने सोडवायचं कोडं असतं.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाचं वर्णन प्रसिद्ध केलं. वाचनातल्या जन्मजात अडचणीच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. त्या मुलाचं नाव पर्सी, आणि स्वतःचं नाव लिहिताना त्याने 'प्रेसी' अशी स्पेलिंग केली. चूक एकदा दाखवूनही त्याच्या लक्षात आली नाही. लिपी वेगळी, शतक वेगळं, पण माझ्यासमोरच्या वहीतलं 'प्रवत' वाचताना तोच पर्सी आठवला.

आकडे, आणि आकड्यांच्या आतले आकडे

मानसशास्त्रज्ञांनी वेक्सलरची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी, पाचवी आवृत्ती, घेतली. एकूण बुद्ध्यंक १०२ आला. सरासरी १०० धरलेली असते, तेव्हा हा मुलगा अगदी मधोमध. अहवालाचं पहिलं पान वाचून वडील म्हणाले, "म्हणजे काही नाही ना? नॉर्मल आहे." आणि लगेच, "मग करत का नाही?"

दुसऱ्या पानावर पाच निर्देशांक होते. शाब्दिक आकलन ११६, दृश्य-अवकाशीय १११, नव्या प्रश्नावर तर्क चालवणं १०९, कार्यरत स्मृती (माहिती डोक्यात धरून ठेवत तिच्यावर काम करणं) ८८, प्रक्रियेचा वेग ८३. आता उंचसखल भाग दिसू लागला. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात ३३ गुणांचं अंतर, म्हणजे दोन प्रमाण विचलनांहून (इथे एक म्हणजे १५ गुण) जास्त. १०२ हा आकडा त्या दरीवर टाकलेल्या सतरंजीसारखा होता.

पण ८८ आणि ८३ हे आकडेही सरासरीहून थोडेच खाली आहेत, आणि इथे बहुतेक अहवाल थांबतात. कार्यरत स्मृतीचा निर्देशांक दोन उपचाचण्यांतून येतो. उपचाचणीत १० हा मध्य. चित्रं लक्षात ठेवण्यात ह्याला १० मिळाले होते, अंक लक्षात ठेवण्यात ६. वेगाच्या निर्देशांकातही तेच : चिन्हं शोधून खूण करण्यात ९, तर प्रत्येक अंकासमोर त्याचं ठरलेलं चिन्ह भराभर काढण्याच्या कामात ५. म्हणजे बघण्याचा वेग ठीक. 'ह्या खुणेची जोडी कोणती' हे आठवून ती काढण्यात मात्र तो वयाच्या बहुतेक मुलांच्या मागे.

मी मानसशास्त्रज्ञांकडे चित्रांच्या उपचाचणीची मूळ उत्तरपत्रिका पाहू शकते का म्हणून विचारलं. या उपचाचणीत चित्रं बरोबर आणि क्रमही बरोबर असेल तर दोन गुण, चित्रं बरोबर पण क्रम चुकला तर एक. ह्याच्या पत्रिकेत एक-एकच्या रांगा होत्या. कोणती चित्रं पाहिली हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कोणत्या क्रमाने हे नाही. म्हणजे दिसायला निर्दोष असलेल्या त्या १० च्या पोटातही 'किवता'च बसली होती.

सरळ क्रमाने तो चार अंक सांगू शकत होता, उलट क्रमाने तीन. पाचवा अंक आला की पहिले दोनही जायचे.

जे. पी. दास, नागलिएरी आणि किर्बी या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली बौद्धिक प्रक्रियांची विभागणी इथे कामी येते. रशियन मेंदूतज्ज्ञ लुरियांच्या कामावर ती उभी आहे. नियोजन, अवधान, एकसमयी प्रक्रिया आणि क्रमिक प्रक्रिया असे चार भाग. एकसमयी म्हणजे सुटे तुकडे एकत्र पाहून त्यातली आकृती ओळखणं. क्रमिक म्हणजे एकामागून एक येणारे तुकडे त्याच साखळीत धरून ठेवणं. ठोकळे, कोडी, गोष्टीचा आशय ही पहिल्या प्रकारची कामं. पाढे, आठवड्याचे वार, सलग सूचना, शब्दातले ध्वनी ही दुसऱ्या प्रकारची. आईने पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते हेच होतं, फक्त तिने ते गोष्ट आणि पाढे या शब्दांत सांगितलं होतं. गोष्टीला अर्थाचा कणा असतो, तुकडा निसटला तरी अर्थावरून परत सापडतो. सात सक्कं बेचाळीसला असा कणा त्याच्यासाठी नव्हता.

इथे एक सावधगिरी. असे चढउतार कसलीही अडचण नसलेल्या मुलांतही भरपूर सापडतात. निर्देशांकांतली दरी म्हणजे निदान नव्हे. त्याचं अध्ययन अक्षमतेचं निदान वाचन-लेखनाच्या प्रमाणित चाचण्या, वर्गातलं काम आणि सहा महिन्यांहून जास्त काळ मदत देऊनही टिकलेली अडचण यांवरून झालं. आकड्यांचा नमुना 'काय आहे' यापेक्षा 'कुठून सुरू करायचं' हे सांगतो.

प्रकाशमधला र

सगळ्यात जास्त मला एका पाच मिनिटांच्या तोंडी खेळाने शिकवलं. "कपाट म्हण. आता त्यातला 'पा' काढ." लगेच, "कट." असे दहाच्या दहा बरोबर. मग, "प्रकाश म्हण. त्यातला फक्त 'र' काढ."

तो थांबला. ओठ हलवले. मग म्हणाला, "काश."

"परत एकदा. फक्त र."

"बाई, र काढला की प्रच जातो ना."

त्याच्यासाठी 'प्र' हा एकसंध दगड होता. त्यात दोन व्यंजनं आणि एक स्वर आहे, हे त्याला ऐकूच येत नव्हतं. अक्षरांच्या पातळीवर कान तयार, ध्वनीच्या पातळीवर नाही. मग जोडाक्षर लिहिताना अर्धं अक्षर गळणं स्वाभाविक आहे. जे ऐकू येत नाही ते हात लिहिणार कसं?

नावं भराभर सांगण्याची चाचणीही घेतली. पाच अक्षरं, तीच उलटसुलट होऊन एकूण पन्नास. चूक एकही नाही, पण वेळ खूप. डेंकला आणि रुडेल यांनी १९७० च्या दशकात वापरात आणलेली ही साधी चाचणी. वुल्फ आणि बोवर्स यांनी १९९९ मध्ये मांडलं की ध्वनींची जाण आणि नामोच्चाराचा वेग हे दोन वेगळे दोष असू शकतात, आणि दोन्ही एकत्र आले तर वाचन जास्त अडतं. इथे दोन्ही होते.

आता फळ्याकडे परत जाऊ. प्रत्येक अक्षर ओळखायला वेळ, त्याचा ध्वनी आठवायला वेळ, त्यात साखळी धरणारी पाटी छोटी. दुसरं अक्षर उलगडेपर्यंत पहिलं निसटतं. मग एका खेपेला एकच अक्षर नेणं हा त्याने स्वतः शोधलेला उपाय होता, आणि उपाय म्हणून शहाणपणाचा होता.

आकलनाचं कोडंही इथेच सुटलं. मी वाचून दाखवलेल्या उताऱ्यावर दहापैकी नऊ उत्तरं, तशाच काठिण्याचा उतारा स्वतः वाचल्यावर चार. गफ आणि टनमर (१९८६) यांच्या मांडणीत वाचन म्हणजे उलगडा (अक्षरांवरून शब्द वाचता येणं) गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. समज कितीही मोठी असली तरी उलगडा शून्याजवळ असेल तर गुणाकार तिथेच जातो.

काय केलं, काय फसलं

बैठकीत वडिलांनी १११ वर बोट ठेवलं. "म्हणजे हा व्हिज्युअल लर्नर ना? मग चित्रांतूनच शिकवा." प्रश्न प्रामाणिक होता. पण शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, हे पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच तपासून सांगितलं आहे. वाचन शिकायचं तर ध्वनी आणि अक्षराची गाठ घालावीच लागते. चित्रं ती गाठ घालायला मदत करतील, तिच्या जागी बसणार नाहीत. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या अ‍ॅपबद्दल आईने विचारलं. मेल्बी-लेरवोग आणि ह्यूम यांच्या २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात अशा सरावाने त्या-त्या खेळातले गुण वाढतात, वाचन-गणितापर्यंत तो फायदा पोचत नाही, असं दिसलं. पैसे आणि संध्याकाळ, दोन्ही वाचवा म्हटलं.

आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं असं ठरलं. आणि पहिले तीन आठवडे मी वाया घालवले. शब्द पाठ करायची पाच पायऱ्यांची रीत दिली : बघ, म्हण, झाक, लिही, ताडून बघ. अनेक मुलांना ती चालते. हा मुलगा तिसऱ्या पायरीवर थांबून विचारायचा, "आता काय करायचं होतं?" क्रम धरता येत नाही म्हणून दिलेला उपाय क्रमानेच लक्षात ठेवायचा होता. अहवाल मीच वाचला होता, बैठकीत मीच समजावला होता, आणि पायऱ्याही मीच दिल्या होत्या. पुढे दोनच ठेवल्या : म्हणत लिही, मग बोट ठेवून वाच.

मुख्य काम 'प्र' फोडण्याचं होतं. सोंगट्या घेतल्या, एक ध्वनी म्हणजे एक सोंगटी. 'प' ठेव, 'र' ठेव, 'अ' ठेव. आता मधली उचल, काय उरलं? दुसऱ्या आठवड्यात एकदा त्याने सोंगटी उचलली, 'प' म्हणाला, आणि मग स्वतःशीच, "अच्छा, आत होता." वेलांटी आणि रफारासाठी प्रत्येक शब्दाखाली दोन ओळी आखल्या : वरच्या ओळीत बोलण्याचा क्रम, खालच्या ओळीत लिहिण्याचा. 'पर्वत' वर प, र, व, त असा मांडायचा, मग र-ची सोंगटी उचलून व-च्या डोक्यावर न्यायची. हे त्याला आवडलं. हलणारी, एका नजरेत मावणारी रचना होती, त्याच्या बळकट बाजूला जवळची.

जोडीला एकच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचणं. कंटाळवाणं काम आहे, पण अक्षर ओळखण्यातलं कष्ट कमी व्हायला याहून सरळ वाट मला माहीत नाही.

वर्गातली व्यवस्था थोडक्यात सांगते. फळ्यावरच्या मजकुराची प्रत त्याच्या बाकावर. सूचना एका वेळी एकच. गणितात पाढ्यांचा तक्ता समोर, कारण तपासायची होती ती रीत. लेखी परीक्षेत जास्तीचा वेळ. पाढ्यांच्या तक्त्यावर शिक्षक अडले : "मग इतर मुलांवर अन्याय नाही का?" मी शाब्दिक गणित त्याला वाचून दाखवलं आणि तक्ता हातात दिला. तीन पायऱ्यांचं उदाहरण त्याने बरोबर सोडवलं. त्यांनी तक्ता वहीला चिकटवायला परवानगी दिली, पटलं म्हणून की कंटाळून, ते विचारलं नाही.

सात महिन्यांनंतर

त्याच चाळीस शब्दांच्या तोडीचं नवं श्रुतलेखन घेतलं. क्रमाच्या चुका अकरावरून चार. जोडाक्षरातली गळती आठवरून पाच, म्हणजे तिथे गाडी हळू. वाचनाचा वेग मिनिटाला २८ शब्दांवरून ४७ झाला, वयाच्या मानाने अजूनही कमी. स्वतः वाचलेल्या उताऱ्यावर दहापैकी सात उत्तरं. नावं सांगण्याच्या चाचणीत फरक जवळजवळ नाही. पाढे सातपर्यंत आले, आठचा अजून जातो-येतो. वडील आता मुलासमोर आळस हा शब्द वापरत नाहीत. मुलगा नसताना एकदा वापरला.

एडीएचडीचा प्रश्न मी बंद केलेला नाही. अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी एकत्र असणं दुर्मीळ नाही, आणि पाचवीत लेखनाचा भार वाढतो. दोन्ही तक्ते वर्षाअखेर पुन्हा भरून घ्यायचे आहेत.

परत एकदा मागच्या बाकावर बसले. बाकावरची प्रत त्या दिवशी मुद्दाम दिली नव्हती. नऊ शब्दांची ओळ, फळ्याकडे दहा वेळा पाहिलं. मधल्या एका शब्दाला थांबून ओठ हलवले आणि तो एका खेपेत उतरवला. त्या आठवड्यात अंकांची चाचणी पुन्हा करून पाहिली : सरळ क्रमाने अंक अजूनही चारच.

शिक्षकांच्या मासिक नोंदवहीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'लक्ष सुधारले आहे.'